उभ्या गाडीचा करंट कोण खातो?

२५ मार्च २०२० पासून देशभरातल्या गाड्या जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. टाळेबंदी आधी २१ दिवसांची होती, मग ती ३ मेपर्यंत वाढली आणि पुढेही वाढत गेली. मध्येच परवानगी काढून ज्यांना दवाखान्यात किंवा गावी जायचे होते, त्यांच्यापैकी कितीतरी जणांना पार्किंगमध्ये एकच अनुभव आला. चावी फिरवली की टकटक आवाज, डॅशबोर्डचे दिवे मंद आणि सेल्फ फिरायला तयार नाही. नीट बंद करून, कुलूप लावून ठेवलेल्या गाडीची बॅटरी उतरली कशी?

उत्तर साध्या गुणाकारात आहे. आजची कोणतीही गाडी बंद असतानाही थोडा करंट घेतच असते. धडधाकट छोट्या गाडीत तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. मधला ३० चा आकडा धरू. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास, २१ दिवसांत १५, आणि ३ मेपर्यंतच्या ४० दिवसांत जवळपास २९. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत बहुधा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते, आणि शहरातल्या रडतखडत वाहतुकीत ती काठोकाठ भरलेली क्वचितच असते. म्हणजे त्या गाड्यांमध्ये कसलाही बिघाड नव्हता. त्यांच्या बॅटऱ्या ठरलेल्या वेगाने उतरत होत्या, एवढेच.

खरा प्रश्न पडतो तो शुक्रवारी रात्री लावलेली गाडी सोमवारी सकाळी उठत नाही तेव्हा. नवी बॅटरी टाकून महिना झालेला असतो. दुकानदार ती वॉरंटीत बदलूनही देतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मग कुणी डायनामो बदलायला सांगतो, कुणी सेल्फ उतरवतो, कुणी सगळे वायरिंगच नव्याने करायला सुचवतो. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट फार कमी वेळा होते: उभ्या गाडीत करंट किती जातो, हे कुणी मोजत नाही. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण हा बिघाड अंदाजाने सापडणारा नाहीच आणि मोजून सापडल्यावाचून राहणाराही नाही.

मीटर हातात घेण्याआधीच थोडे कळू शकते. शुक्रवारी रात्री ९ ते सोमवारी सकाळी ९ म्हणजे ६० तास. ३५ ची बॅटरी निम्मी संपली की सेल्फ कुरकुरू लागतो असे धरू. १७-१८ अँपिअर-तास ६० तासांत गेले, तर करंट सुमारे ३०० मिलिअँपिअर, म्हणजे असायला हवा त्याच्या दहापट. डिकीतला ५ वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब जळत राहिला, तर तो ०.४ अँपिअर घेतो आणि दिवसाला १० अँपिअर-तास ओढतो. दोन दिवस पुरे होण्याआधीच काम तमाम. गाडी किती दिवसांत बसते, एवढ्यावरूनच चोर केवढा असेल याचा अंदाज येतो. म्हणून वर्कशॉपमध्ये गेल्यावर ‘बॅटरी उतरते’ एवढेच सांगू नये. गाडी किती तास उभी होती, हे आवर्जून सांगावे.

सेल्फ एवढा मोठा करंट ओढतो की दोष त्याच्यावर सहज जातो. चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेवरचा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाड्यांत आला आणि हँडल मारायचे दिवस संपत गेले. छोट्या पेट्रोल इंजिनाला फिरवायला त्याला साधारण १५० अँपिअर लागतात. पण किती वेळ? एखादा सेकंद. १५० अँपिअर एक सेकंद म्हणजे ०.०४ अँपिअर-तास. हेच ०.०४ तीस मिलिअँपिअरचा बिनबोभाट करंट ८०-८५ मिनिटांत खातो. अख्खी गाडी जागी करायला जेवढी वीज लागते, तेवढी ती कुलूपबंद उभी असताना दीड तासाच्या आत वापरते. बॅटरी मोठ्या कामाने संपत नाही, वेळाने संपते. उभ्या गाडीचे सगळे शास्त्र वेळ आणि मिलिअँपिअर यांच्या गुणाकारात आहे.

बॅटरीची रचना गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये मांडली, तिचा गाभा आजही तोच आहे. धन पट्ट्यांवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्ट्यांवर सच्छिद्र शिसे, आणि दोन्ही गंधकाम्लाच्या पातळ द्रावणात. करंट निघू लागला की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पाणचट होत जाते. असे सहा सेल ओळीने जोडले की भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज १२.६ ते १२.७ येतो. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. ऐकायला फरक चिमूटभर वाटतो, पण ‘बारा दाखवतंय ना, मग बॅटरी ओके’ असे जे सर्रास बोलले जाते ते चुकीचे आहे. बरोबर १२ दाखवणारी बॅटरी जवळजवळ रिकामी असते. हा आकडाही गाडी बंद करून काही तास गेल्यावरच घ्यायचा. लगेच घेतला तर पट्ट्यांच्या पृष्ठभागावरचा ताजा चार्ज फसवतो.

उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की नुकसान सुरू होते. सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठ्या, घट्ट स्फटिकांत बदलतात आणि चार्जिंगला दाद देत नाहीत. तेवढी क्षमता कायमची गेली. गाडीच्या बॅटरीत पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात, कारण तिला क्षणभर भरपूर करंट द्यायचा असतो. पुन्हा पुन्हा तळाला जाणे तिला सोसत नाही. म्हणून उभ्या गाडीतला छोटासा लीकेज एका सकाळची गैरसोय करून थांबत नाही. तो चांगल्या बॅटरीला म्हातारी करतो, आणि मग दुकानात ती तपासली की यंत्र खरेच ‘खराब’ म्हणते. निदान बरोबर, कारण मात्र तिसरीकडेच.

आता उभ्या गाडीत जागे कोण असते ते पाहू. घड्याळ आणि स्टिरिओची स्मृती हे जुने मानकरी. त्यांच्या जोडीला रिमोटच्या इशाऱ्याची वाट पाहणारा रिसीव्हर, चोरी रोखणारी यंत्रणा, इंजिनाच्या संगणकाची स्मृती, दिवे-काचा-दारे सांभाळणारा बॉडी मॉड्यूल. ही सगळी मंडळी एकमेकांशी बोलतात ती बहुधा ‘कॅन’ नावाच्या जाळ्यावरून. बॉश कंपनीने ते १९८६ मध्ये जगापुढे ठेवले. गाडी बंद करून कुलूप लावले की मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. कुणी दोन-चार मिनिटे घेतो, कुणी वीस, काही गाड्यांत अर्ध्या तासाहून जास्त. जाळ्यावरचा शेवटचा संदेश थांबला की सगळे टप्प्याटप्प्याने झोपी जातात आणि करंट मिलिअँपिअरवर उतरतो. पण एकाने जरी मधूनमधून संदेश पाठवणे चालू ठेवले, तरी बाकीच्यांना झोप नाही. रेल्वेच्या डब्यात एक प्रवासी रात्रभर फोनवर बोलत बसला की सगळा डबा जागा राहतो, तसे. त्या एका मॉड्यूलचा स्वतःचा करंट किरकोळ असेल. त्याच्यामुळे जागे राहिलेल्या सगळ्यांची बेरीज मात्र बॅटरी संपवते.

शोध सुरू करायचा तो एका साध्या प्रयोगाने, आणि तो घरी करता येतो. बॅटरी बाहेरच्या चार्जरने पूर्ण भरावी. काही तास थांबून व्होल्टेज लिहून ठेवावा. मग काळी, म्हणजे ऋण बाजूची केबल सोडवून गाडी दोन-तीन दिवस तशीच उभी ठेवावी. पुन्हा मोजल्यावर केबल सुटलेली असूनही आकडा धडाधड उतरला असेल, तर दोष बॅटरीतच आहे. एखादा सेल आतून शॉर्ट झालेला असू शकतो. आकडा जागचा हलला नसेल तर बॅटरी निर्दोष. करंट गाडी खाते आहे. हजारो रुपयांचा निर्णय या फुकटच्या प्रयोगावर ठरतो आणि तरीही तो करायला सांगणारे फार थोडे भेटतात.

इथे उन्हाचा हिशेब धरावा लागतो. बॅटरी केबल काढलेली असतानाही आपोआप थोडी उतरते, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीची बॅटरी महाबळेश्वरच्या गाडीपेक्षा कितीतरी लवकर उतरते आणि लवकर झिजतेही. दुसरी बारकाईची गोष्ट बॅटरीच्या डोक्यावर असते. आम्लाचा ओलसर थर आणि धूळ मिळून दोन टर्मिनलांमध्ये एक वाट तयार करतात. मीटरची काळी पिन ऋण टर्मिनलला टेकवून लाल पिन नुसत्या प्लॅस्टिकच्या झाकणावरून फिरवली, तर कोरड्या स्वच्छ बॅटरीवर काहीच दिसत नाही. मळक्या बॅटरीवर मात्र व्होल्ट उमटू लागतात. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने, बुचे घट्ट लावून, ती पुसून घेतली की हा प्रश्न मिटतो.

गाडीवर संशय पक्का झाला की मीटर बॅटरी आणि गाडी यांच्या मध्ये लावायचा. हातातली अंगठी, कडे आधी काढून ठेवावे. १० नंबरच्या पान्याने नेहमी ऋण टर्मिनल आधी सोडवायचे. गाडीचा सगळा सांगाडा ऋण बाजूला जोडलेला असतो, त्यामुळे हे टर्मिनल सोडवताना पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी पडत नाही. धन बाजू आधी सोडवताना टेकला, तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट आणि चार्ज होताना बॅटरीतून निघालेला हायड्रोजन यांची गाठ पडू शकते.

मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात असली पाहिजे. मिलिअँपिअरच्या भोकात लावून जोडणी केली की आतला छोटा फ्यूज तिथल्या तिथे उडतो, कारण केबल जोडताक्षणी सगळे मॉड्यूल एकदम जागे होतात आणि काही अँपिअर ओढतात. मीटर मध्ये असताना इग्निशन चालू करायचे नाही आणि चावी सेल्फपर्यंत तर मुळीच न्यायची नाही. बिनचावीची गाडी असेल तर रिमोट घरात, दूर ठेवायचा. तो खिशात असला तर गाडी मालक आलाय असे समजून जागी होते.

फ्यूजबॉक्स पाहायला दार उघडे लागते, पण दार उघडे असले की गाडी झोपत नाही. यावर कारागिरांची एक युक्ती आहे. दाराच्या कडेला, लॉकमध्ये जी फिरणारी लोखंडी जीभ असते, ती स्क्रूड्रायव्हरने आत ढकलून बंद करायची. खटका दोनदा वाजतो, आतला दिवा विझतो, आणि उघड्या दाराची गाडी आपण बंद आहोत असे मानते. काम झाल्यावर दार लावण्याआधी हँडल ओढून ती जीभ पुन्हा सोडवायला मात्र विसरू नये, नाहीतर दार आपटून लॉक वाकते. बोनेटलाही स्विच असेल तर तोही असाच दाबून ठेवावा.

यानंतरचे काम म्हणजे वाट पाहणे. हाच टप्पा बहुतेक जण गाळतात. मीटरवर सुरुवातीला तीन-चार अँपिअर दिसतात. आतले दिवे गेले की दोनच्या खाली. काही मिनिटांनी ०.८. मग बराच वेळ आकडा तिथेच रेंगाळतो आणि घाईचा माणूस ‘सापडला लीकेज, पाऊण अँपिअर!’ म्हणून वायरी उचकटायला लागतो. थांबावे. अकस्मात ०.३ होते, पुढे ०.१, आणि शेवटी ०.०३ वर येऊन आकडा स्थिर होतो. गाडी झोपली. ज्या गाडीत बिघाड आहे तिथे ही उतरंड मध्येच थांबते: चाळीस मिनिटे झाली, तासही झाला, तरी ०.३ हलत नाही. किंवा आकडा खाली जातो आणि दर दोन मिनिटांनी पुन्हा उसळतो. नुसता थांबलेला आकडा एखाद्या बल्बकडे, रिलेकडे किंवा वायरीकडे बोट दाखवतो. उसळणारा आकडा सांगतो की कुणीतरी जाळ्याला पुन्हा पुन्हा उठवते आहे.

मग शाखा शोधायची. गुस्टाव किर्खहॉफ यांनी १८४५ मध्ये मांडलेला नियम शाळेत पाठ केलेला असतो: एका बिंदूत जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर पडतो. बॅटरीतून निघालेले ३०० मिलिअँपिअर फ्यूजबॉक्समध्ये पंचवीस-तीस वाटांत विभागलेले असतात आणि सगळ्यांची बेरीज ३००च. जुन्या पद्धतीत एकेक फ्यूज काढत जायचा आणि मीटरकडे पाहायचे. जो काढल्यावर आकडा धपकन उतरला, चोर त्या वाटेवर. १९९० च्या आधीच्या गाड्यांत ही रीत उत्तम चालायची, आजही सोप्या गाड्यांत चालते.

नव्या गाड्यांत तिला एक दोष आहे, आणि या सगळ्या विषयातला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग तोच वाटतो. फ्यूज काढला की त्या मॉड्यूलची वीज जाते. परत लावला की ते नव्याने सुरू होते, जाळ्यावर हजेरी लावते आणि सगळ्या झोपलेल्यांना उठवते. पुन्हा अर्धा तास थांबा. कधी याहून वाईट होते: अडकलेले मॉड्यूल वीज तुटल्यामुळे ताळ्यावर येते, बिघाड नाहीसा होतो आणि गाडी ‘ओके’ म्हणून मालकाकडे परत जाते. आठवड्याने पुन्हा तेच. तपासण्याच्या कृतीनेच तपासायची गोष्ट पुसली गेलेली असते. बॅटरीची केबल सोडवतानाही हेच घडते. म्हणून जाणकार कारागीर केबल सोडवण्याआधीच चिमट्यांनी मीटर ऋण टर्मिनल आणि केबल यांना समांतर जोडून घेतो, आणि मगच केबल हळूच उचलतो. करंट एक क्षणही तुटत नाही.

फ्यूजना हात न लावता त्यांच्यातला करंट मोजायची जी रीत आहे, ती ओहमच्या १८२७ च्या नियमाचा फार देखणा उपयोग आहे. फ्यूज म्हणजे शेवटी एक तारच. तिलाही थोडा रोध असतो. १० अँपिअरच्या लाल फ्यूजचा रोध सुमारे साडेसात मिलिओहम, २० च्या पिवळ्याचा त्याच्या निम्म्याहून कमी. पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, ते याच कामासाठी. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन पिना त्या दोन ठिपक्यांवर टेकवायच्या. फ्यूजमधून काहीच जात नसेल तर शून्य. लाल फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला तर त्यातून सुमारे १३० मिलिअँपिअर जात आहेत. आपले ३०० मिलिअँपिअर तिथे सव्वादोन मिलिव्होल्ट होऊन दिसतील. मीटर मिलिव्होल्टचा दहावा भाग दाखवणारा हवा, एवढीच अट. काहीही सुटत नाही, कुणी जागे होत नाही, आणि सगळा फ्यूजबॉक्स पाच मिनिटांत तपासून होतो. सबंध बॅटरीचा करंट पाहायला डीसी क्लॅम्प मीटर हाही असाच न छेडणारा उपाय. एडविन हॉल यांना १८७९ मध्ये दिसलेल्या परिणामावर तो चालतो. केबलभोवती नुसता जबडा लावला की चुंबकीय क्षेत्रावरून करंट कळतो. लहान करंटला मात्र तो आधी काळजीपूर्वक शून्यावर आणावा लागतो.

चोर पकडला गेला की तो बहुधा क्षुल्लक निघतो. डिकीचा दिवा बंद न होणे हे जुने, हमखास कारण. झाकण लावल्यावर तो विझला का, हे बाहेरून कळणार कसे? फोनवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवावा, झाकण लावावे आणि मिनिटाने काढून पाहावे. डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या दिव्याचेही तसेच. रिलेचे संपर्क ठिणग्यांनी वितळून चिकटले, तर तो रात्रभर कुठलेतरी सर्किट जोडून ठेवतो. तासनतास उभ्या असलेल्या गाडीत एखादा रिले हाताला कोमट लागला तर तो संशयित.

आपल्याकडे माझा पहिला संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर असतो. स्टिरिओच्या पिवळ्या वायरीला कायमची वीज लागते आणि लाल वायरीला चावी फिरवल्यावरची. बसवणाऱ्याला चावीची वायर सापडली नाही की तो दोन्ही एकत्र पिळून टेप गुंडाळतो. स्टिरिओ वाजतो, गिऱ्हाईक खूश, आणि यंत्र दिवसरात्र अर्धजागे. डॅशकॅम, ट्रॅकर, निदानाच्या सॉकेटमध्ये खोचून ठेवलेली छोटी उपकरणे, रिव्हर्स कॅमेऱ्याचे जादा वायरिंग ही त्याच पंक्तीतली मंडळी. जोडणी कुठून घेतली आहे हे बसवतानाच विचारावे, आणि शक्यतो समोर उभे राहून पाहावे. पावसाळ्यात मागच्या दिव्याच्या जोडणीत शिरलेले पाणी आणि उंदरांनी कुरतडलेले वायरिंग यांचीही भर पडते. अशा लीकेजचा आकडा ओलीनुसार बदलतो, म्हणून तो कोरड्या दिवशी गायब असतो.

एका चोराचा माग फ्यूजबॉक्समध्ये कधीच लागत नाही. तो म्हणजे आपण ज्याला डायनामो म्हणतो त्या अल्टरनेटरचा डायोड. अल्टरनेटर उलटसुलट करंट तयार करतो आणि आतले डायोड त्याला एकाच दिशेने वळवतात. तेच डायोड गाडी बंद असताना बॅटरीचा करंट मागे शिरू देत नाहीत. एखादा गळका झाला की करंट जाड केबलमधून सरळ त्यात जातो. ही केबल नेहमीच्या छोट्या फ्यूजांपैकी कुणातूनही गेलेली नसते. सगळे फ्यूज काढले, तरी आकडा तसाच! हैराण होण्याची गरज नाही. ती एक बातमीच आहे. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढावी, टोक नीट गुंडाळावे, पुन्हा मोजावे. अर्धवाहकाची गळती तापल्यावर वाढते, त्यामुळे नुकत्याच थांबलेल्या इंजिनावर हा दोष जास्त ठळक दिसतो आणि थंड गाडीत तो कधी लपून राहतो.

विजेवरच्या गाडीत मोठी बॅटरी असते, तिला ही भानगड नसेल, असे पुष्कळांना वाटते. तिथेही आडबाजूला १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असतेच. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे जाड संपर्क-स्विच याच १२ व्होल्टवर मिटतात. ती उतरली, तर शेकडो किलोमीटर पळण्याइतकी वीज आत असूनही गाडी जागची हलत नाही. तिथले संगणकही जास्त, आणि मोबाइल ॲपवरून कुणी विचारले तर उत्तर द्यायला जागे राहणारे. शोधाची रीत मात्र हीच, फक्त केशरी केबलांना हात लावायचा नाही.

हे सगळे एवढ्या आग्रहाने लिहिण्याचे एक कारण शिसे आहे. जगातल्या शिशाचा फार मोठा वाटा बॅटऱ्यांत जातो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असल्याचे म्हटले, आणि जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण सांगितले. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून नोंदणीकृत ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दहा रुपयांच्या बल्बच्या स्विचपायी तीन बॅटऱ्या भंगारात गेल्या, तर त्या कुठल्यातरी भट्टीत वितळणारच आहेत, आणि त्या भट्टीशेजारी कुणाची तरी मुले खेळत असतील. अंदाजाने सुटे भाग बदलत राहणे याला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही.

गाडी निर्दोष असेल आणि महिनाभर उभी ठेवायची असेल, तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटे चालू करून ठेवण्याची पद्धत पडली आहे. तिचा हिशेब जुळत नाही. आठवड्यात ३० मिलिअँपिअरने ५ अँपिअर-तास गेलेले असतात. दहा मिनिटे बॅटरीत १० अँपिअर गेले असे धरले, तरी जमा होतात १.७. खड्डा दर आठवड्याला वाढतच जातो, आणि पेट्रोल जळते ते वेगळेच. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवली तर गोष्ट निराळी, नाहीतर बॅटरी भरत ठेवणारा छोटा चार्जर लावावा. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर गाडी लावण्याआधी बॅटरी भरून घ्यावी आणि ऋण केबल सोडवून, टोकाला कापड गुंडाळून बाजूला ठेवावी. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी लिहून घ्यावा. केबल सोडवल्यावर रिमोट चालणार नाही. रिमोटच्या पोटात लपवलेली लोखंडी चावी कुठल्या दाराला लागते आणि ती अजून फिरते का, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.